मूळ की सहमूळ? पिनकोडवरून ओळखा

भाची सहावीत आहे, कळव्याला राहते. परवा वहीत लिहून मोकळी झाली: ‘८ आणि ९ सहमूळ नाहीत, कारण दोन्ही मूळ नाहीत.’ तिला काय बोलणार, नावच फसवं आहे. सहमूळ म्हटलं की ‘दोघी मिळून मूळ’ असंच कानाला वाटतं.

मूळ असणं हा एकट्या संख्येचा गुण: १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे दोन विभाजक. सहमूळ हे दोघींमधलं नातं: १ सोडून सामाईक विभाजक नाही. ‘तो साडू आहे का?’ असं कुणी विचारलं तर आपण ‘कोणाचा?’ म्हणतो ना, तसंच ‘१५ सहमूळ आहे का?’ हा प्रश्न अर्धाच. आणि १ ची तर गंमतच. तो ना मूळ, ना संयुक्त. पण सहमूळ मात्र सगळ्यांशी.

टेबलावर कुरिअरचं पाकीट पडलं होतं. पाठवणारा वागळे इस्टेटचा, पिन ४००६०४. घेणारे हे कळव्याचे, ४००६०५. “मामा, हे दोन मूळ आहेत?” छे. एक सम, दुसऱ्याच्या शेवटी ५. अवयव पाडले:

४००६०४ = २ × २ × १००१५१
४००६०५ = ३ × ५ × १७ × १५७१

सामाईक काहीच नाही, म्हणजे सहमूळ. खरं तर अवयव पाडायचीही गरज नव्हती. दोघींना पूर्ण भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागते, आणि इथे फरक आहे १. लागोपाठच्या संख्या म्हणून नेहमीच सहमूळ; ८ आणि ९ सुद्धा.

आता ऐरोली, ४००७०८. वागळे इस्टेटशी हा सहमूळ आहे का? युक्लिडची रीत लावली: दर वेळी भाजकाला बाकीने भागत जायचं, बाकी शून्य आली की शेवटचा भाजक हाच मसावि, म्हणजे सगळ्यात मोठा सामाईक विभाजक. फरक १०४. ४००६०४ ला १०४ ने भागलं, बाकी १००. १०४ ला १०० ने, बाकी ४. १०० ला ४ ने, बाकी शून्य. मसावि ४, सहमूळ नाहीत. संख्या सहा अंकी, काम मिनिटाभराचं.

मूळपणा असा स्वस्तात कळत नाही. वरच्या १००१५१ कडे पाहा. ती मूळ आहे. पण हाताने ठरवायचं तर ३१६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, कारण तिचे दोन अवयव पडलेच तर लहान अवयव ३१६ च्या आतच असणार; ३१७ चा वर्ग तिच्या पुढे जातो. अशा मूळ संख्या ६५. एकीनेही भाग गेला नाही की मगच शिक्कामोर्तब.

भाचीने १३ पर्यंत भागून पेन ठेवलं आणि मुंब्र्याचा पिन विचारला. ४००६१२, म्हणजे ४ × १००१५३. हीसुद्धा मूळ, आणि १००१५१ पासून दोनच पावलांवर. अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. हा तिसरा शब्द ऐकून तिने वहीच मिटली.