टांगलेल्या फर्नची तहान

नर्सरीतून आणलेला बोस्टन फर्न पहिले काही दिवस झक्क दिसतो. मग पानांची टोकं तपकिरी पडतात, खाली फरशीवर चुरा पडायला लागतो आणि घरातलं कुणीतरी पाणी वाढवतं. बऱ्याचदा त्यातच झाडाचा निकाल लागतो. वर पानं वाळलेली आणि खाली मुळं कुजलेली.

खरी गोम हवेत आहे. नेचे, म्हणजेच फर्न, फुलझाडांच्या कितीतरी आधीचे, 35 कोटी वर्षांहून जुन्या घराण्यातले. आजही त्यातल्या बहुतेकांची वस्ती ओलसर सावलीत असते. पानं पातळ, मुळं बारीक आणि उथळ. कोरड्या हवेने खेचलेलं पाणी भरून काढणं त्यांना जड जातं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता अनेकदा 25 टक्क्यांच्याही खाली उतरते, तर या फर्नला निदान 50 टक्के तरी हवी. त्यात तापमान 10 अंशांनी चढलं की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. कुंडी चिंब असली तरी पानं सुकतात ती यामुळे.

लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांच्या बागेतले नेचे कोळशाच्या धुरात तग धरत नव्हते. 1829च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या मातीतून आपसूक एक नेचा उगवला आणि वरून पाणी न घालता काही वर्षं जगला. मातीतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत होती.

टांगल्यावर झाडाची अडचण वाढते. स्लॅबखालची हवा जास्त तापलेली, वारा चहूबाजूंनी, आणि काथ्याच्या टोपलीतून ओल सगळीकडून उडते. म्हणून टोपली डोक्याच्या उंचीलाच ठेवावी, पंख्याच्या आणि एसीच्या झोतापासून लांब. पूर्वेची गॅलरी उत्तम. दुपारचं थेट ऊन नको. फवाऱ्याच्या बाटलीवर फार भिस्त ठेवू नये, तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो. चार झाडं जवळजवळ टांगली तर निदान त्यांच्यातली हवा थोडी दमट राहते. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल तर फर्नसाठी घरातली सर्वात चांगली जागा बाथरूम, मग पाहुण्यांना तो दिसो न दिसो!

पाण्याचा अंदाज टोपली उचलून घ्यावा. हलकी लागली की द्यायचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेकडेने गळून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी टोपली बादलीत बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यायची. बोअरवेलचं जड पाणी असेल तर मातीवर क्षारांची पांढरी पुटं चढतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली टोपली ठेवली की ते क्षार बरेचसे धुऊन निघतात.

पानामागचे तपकिरी ठिपके पाहून पुष्कळ जण औषध मारतात. आधी पान उलटं करून नीट बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे नेच्याला बियांच्या जागी असणाऱ्या सूक्ष्म कणांचे, पुंजके. त्यातल्या प्रत्येक सूक्ष्म पिशवीभोवती जाड पेशींचं कडं असतं. पाणी उडालं की ते मागे ताणलं जातं आणि एकदम सुटून गोफणीसारखे बीजाणू भिरकावतं. ठिपके वेडेवाकडे, देठावरही, चिकट आणि नखाने निघणारे असतील तर ती खवले कीड. ती ओल्या कापसाने पुसून काढावी. निमतेलाच्या कडक फवाऱ्याने कोवळी पानं करपू शकतात.

बोस्टन फर्न म्हणून आणलेल्या झाडाच्या मुळांशी कधीकधी गोट्यांसारख्या गाठी सापडतात. त्या कीड किंवा रोग समजून काढू नयेत. त्यात पाणी साठवलेलं असतं आणि झाड बोस्टनचा चिवट भाऊबंद, नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया, असतं. कोरड्या हवेच्या गावात मी तर मुद्दाम हाच घेईन. टोपलीबाहेर लोंबणारे दोरे ही दोघांचीही धावती खोडं. त्यातलं एखादं शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर तारेच्या आकड्याने दाबून ठेवलं की तिथे नवं रोप धरतं. मुळं पक्की झाल्यावरच दोरा कापायचा.