छोटा ड्रोन की मोठा? बुकिंगआधी एवढं वाचा

हॉल ठरतो, केटरर ठरतो आणि मग नवरीच्या मामांचा फोन येतो. "ड्रोन आणणार ते बारकं नको हं, मोठं आणा. बारकं खेळण्यातलं दिसतंय." मामांचं अगदीच चूक नाही. मांडवात ड्रोन वर गेला की पाहुणे आधी ड्रोनकडे बघतात. पण मोठ्या ड्रोनचं भाडं जास्त आहे आणि बऱ्याच कामांत त्या जादा पैशांचा फरक शेवटी चित्रात दिसत नाही. कुठे दिसतो, कुठे नाही आणि पुढच्या चार-पाच वर्षांत यात काय बदलेल, ते इथे लिहून ठेवतोय. प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो, हेही एक कारण.

आमच्याकडे डीजेआय या चिनी कंपनीचे दोन ड्रोन आहेत, दोन्ही २०२२ च्या आयातबंदीच्या आधीचे. एक 'मिनी २', २०२० सालचं मॉडेल, अडीचशे ग्रॅमच्या आतलं, जॅकेटच्या खिशात बसणारं. दुसरा 'मॅव्हिक २ प्रो', २०१८ चा, ९०७ ग्रॅम वजनाचा. उडण्याची वेळ कागदावर दोघांचीही ३१ मिनिटं. प्रत्यक्षात वीस-बावीस मिनिटांनी आम्ही खाली घेतो, त्यामुळे "अर्धा तास तरी वर राहील ना?" असं कुणी विचारलं तर उत्तर 'नाही' आहे.

नखाएवढा तुकडा

कॅमेऱ्यात प्रकाश ज्या तुकड्यावर पडतो तो सेन्सर. 'मिनी २'चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. 'मॅव्हिक २ प्रो'चा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळाचा गुणाकार केला तर मोठा चौपट भरतो. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली तर काय होईल, तसंच हे. मुसळधार पावसात वाटीही भरते, भुरभुर असेल तर परातीतच काहीतरी जमा होतं. भर दुपारी ऊन मुसळधार असतं. संध्याकाळी सातला, हळदीच्या वेळी, ते भुरभुर असतं.

या मोठ्या सेन्सरला 'एक इंची' म्हणतात, पण पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका. त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून मापाची ही नावं पडली. नळी गेली, नाव राहिलं. जाहिरातीत 'वन इंच' वाचून आम्हीही पहिल्यांदा फसलो होतो.

नऊ वर्षांत काय झालं

२०१६ मध्ये एक इंची सेन्सरचा ड्रोन हवा असेल तर 'फँटम ४ प्रो' घ्यावा लागायचा. पांढरा, घडी न होणारा, १,३८८ ग्रॅमचा. बाइकवर मागे बसून मांडीवर पेटी धरायची आणि खड्डा आला की देवाचं नाव घ्यायचं. २०२५ च्या सप्टेंबरात 'मिनी ५ प्रो' आला. सेन्सर एक इंचीच, वजन २४९.९ ग्रॅम. म्हणजे तोच नखाएवढा तुकडा साडेपाचपट हलक्या अंगात बसला.

मग मोठ्याची गरज संपली का? इथे थोडं थांबा. 'फँटम'च्या लेन्सला बुबुळासारखी उघडझाप होती, ऊन वाढलं की छिद्र लहान करता यायचं. शिवाय खराखुरा यांत्रिक शटर होता. 'मिनी ५ प्रो'त छिद्र कायमचं एफ १.८ वर उघडं आणि शटर इलेक्ट्रॉनिक. वजन उतरवताना सेन्सर ठेवला, पण त्याच्या भोवतालचं यंत्र काढून टाकलं. त्यामुळे मे महिन्याच्या बारा वाजता छोट्या ड्रोनला काळी काच चढवावी लागते. तिला आमच्या धंद्यात एनडी फिल्टर म्हणतात. ती नसेल तर शटरचा वेग अवाच्या सव्वा वाढतो आणि वरातीतली माणसं झटके देत चालल्यासारखी दिसतात. पाहुण्यांना कारण कळत नाही. 'काहीतरी खटकतंय' एवढंच कळतं.

मोठ्या ड्रोनची वाट मात्र उलटी चाललीय. पहिला 'मॅव्हिक प्रो' २०१६ चा, ७३४ ग्रॅमचा. दोन वर्षांनी आमचा, ९०७ चा. २०२१ मध्ये 'मॅव्हिक ३', ८९५. २०२५ चा 'मॅव्हिक ४ प्रो', १,०६३ ग्रॅम, तीन कॅमेरे, मुख्य कॅमेरा दहा कोटी पिक्सेलचा. घडी होऊन बॅगेत जावा म्हणून जो जन्माला आला तोच किलोच्या वर गेला. मधल्यांचं काय, असं कुणी विचारतं. सातशे-साडेसातशे ग्रॅमचे चांगले ड्रोन निघतात, पण आमच्या मते पुढे सगळ्यात अडचण त्यांचीच होणार. कॅमेऱ्यात छोटा त्यांच्या बरोबरीला आलाय आणि नियमांत ते मोठ्यांच्याच रांगेत उभे आहेत.

गुजरीतला काटा

२४९ हा आकडा अभियंत्यांना आवडतो म्हणून आलेला नाही, तो कायद्यातून आलाय. अमेरिकेत २०१५ मध्ये ड्रोन नोंदणीसाठी नेमलेल्या समितीने, वरून पडलेला ड्रोन माणसाला लागला तर किती इजा होईल याचा हिशेब मांडला आणि २५० ग्रॅमवर रेघ ओढली. युरोपातही तीच रेघ आली. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्यावर दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा असेल तर लागतं. मोठ्या ड्रोनचं भाडं जास्त असण्याचं निम्मं कारण इथे आहे: तो उडवायला प्रमाणपत्र असलेलाच माणूस यावा लागतो आणि आमच्याकडे तसा एकच आहे.

रेघ कशी नाचवते ते जपानात दिसलं. तिथे मर्यादा २०० ग्रॅमची होती म्हणून कंपनीने पहिल्या 'मॅव्हिक मिनी'ला बारकी बॅटरी लावून खास १९९ ग्रॅमचा अवतार काढला. जून २०२२ मध्ये जपानने मर्यादा १०० वर आणली आणि तो सगळा खटाटोप वाया गेला.

आमचा 'मिनी' आम्ही एकदा कोल्हापूरच्या गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. सराफ हसले, पण तोलून दिलं. नुसता ड्रोन २४८.६ ग्रॅम. मेमरी कार्ड, नाव-नंबराचा स्टिकर, एनडी फिल्टर आणि संध्याकाळी दिसावा म्हणून पाठीवर चिकटवलेला लुकलुकणारा दिवा, एवढं चढवलं तर २५८.९. दहा ग्रॅम चढले आणि आम्ही नॅनोतून बाहेर! त्या दिवसापासून दिवा काढून ठेवलाय. म्हणून संध्याकाळी "ड्रोनला लाइट लावा, भारी दिसतंय" म्हटलंत तर नकार ऐकायची तयारी ठेवा.

बॅटरी आणि वारा

'मिनी २'ची बॅटरी ८६ ग्रॅमची, म्हणजे एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. 'मॅव्हिक २'ची २९७ ग्रॅम, तीही तिसरा हिस्साच. सेन्सरला मोबाइलच्या धंद्याचा वारा मिळतो. मोबाइलमध्ये एक इंची सेन्सर आला, छोट्या ड्रोनवाल्यांना आयता मिळाला. बॅटरीचं तसं नाही, ती मुंगीच्या चालीने सुधारते. त्यामुळे छोट्या ड्रोनमध्ये कॅमेऱ्यासाठी दोन ग्रॅम हवे असतील तर ते सांगाड्यातून, पात्यांतून, मोटरीतून खरवडावे लागतात.

आणि हलकेपणाचा हिशेब वारा चुकता करतो. गंमत म्हणजे कागदावर आमच्या दोन्ही ड्रोनची वारा सोसायची क्षमता एकच आहे, ताशी २९ ते ३८ किलोमीटर. एका मे महिन्यात पन्हाळ्याच्या पायथ्याला एका शेतघरावर प्रीवेडिंगचं काम होतं. चार वाजता वळवाचं वारं सुटलं. खाली उसाची पानं नुसती सळसळत होती, म्हणून आम्ही बेफिकीर. वर नव्वद मीटरवर गोष्टच वेगळी. 'मिनी' जाताना भुर्रकन गेला, परत वळवला तर स्क्रीनवर वेग ताशी नऊ-दहा. बॅटरी ४० वरून उतरतेय आणि ड्रोन जागच्या जागी वाकून उभा. शेवटी उसाच्या शेंड्यांवर वीतभर उरेल इतका खाली आणला, तिथे वारा कमी होता. आमचा पोरगा बांधावरून त्याच्याबरोबर पळत आला. उतरला तेव्हा ११ टक्के शिल्लक. चित्रण मेमरी कार्डात होतं, पण त्यातला निम्मा भाग टाकून द्यावा लागला. इतका वाकल्यावर क्षितिज तिरकं होतं आणि फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात पाती दिसायला लागतात. कॅमेरा कितीही सुधारला तरी २५० ग्रॅमच्या वस्तूला वारा ढकलणारच. घाटमाथा, धरणाची भिंत, समुद्रकिनारा इथे आम्ही स्वतःहून मोठा सुचवतो, आणि त्याचं कारण कॅमेरा नसतो.

चित्र शेवटी बघणार कुठे?

हे आम्ही सगळ्यांत आधी विचारतो आणि लोकांना ते चौकशी केल्यासारखं वाटतं.

हॉलमधल्या एलईडी वॉलचं घ्या. पी-थ्री वॉल म्हणजे दोन ठिपक्यांत तीन मिलिमीटर अंतर. बारा फूट रुंद वॉल म्हणजे सुमारे ३,६५८ मिलिमीटर, त्यात आडवे ठिपके बसतात जेमतेम बाराशे. फोर-के चित्रात आडवे ३,८४० असतात. म्हणजे तुमच्या वॉलवर फोर-केच्या आडव्या ठिपक्यांचा तिसरा हिस्साच पोचतो, मग ड्रोन कुठलाही असो.

फ्लेक्स? वीस फुटी फ्लेक्सवर 'मिनी'चा ४,००० ठिपक्यांचा फोटो लावला तर दर इंचाला सतरा ठिपके, मोठ्याचा लावला तर तेवीस. चौकातून जाणाऱ्याला हा फरक दिसत असेल तर त्याने पोलिसांत भरती व्हावं. रीलसाठीही तेच. उभ्या चित्रासाठी कॅमेराच उभा वळवणारे ड्रोन मिळतात, आमचे तसे नाहीत. पण फोर-केतून उभी पट्टी कापली तर १,२१५ बाय २,१६० मिळते आणि रीलला १,०८० बाय १,९२० पुरते.

मोठा ड्रोन पैसे वसूल करतो तो अंधारात आणि उलट्या प्रकाशात. रात्रीची वरात, रोषणाई केलेला वाडा, सूर्य मावळताना समोर उभं राहिलेलं जोडपं. 'मिनी'त आकाश पांढरं पडतं किंवा चेहरे काळे पडतात आणि सावलीत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. घरच्या ५५ इंची टीव्हीवर अल्बमचा व्हिडिओ बघणार असाल तर हे दाणे नक्की दिसतील.

पुढे काय, आमच्या अंदाजाने

दिवसाच्या कामात छोट्या-मोठ्यातला फरक नवीन मॉडेलांत जवळजवळ मिटलाय. रात्रीचाही कमी होईल, कारण एकामागून एक घेतलेल्या अनेक फ्रेम जोडून एक स्वच्छ चित्र करायची मोबाइलची युक्ती ड्रोनमध्येही आलीय. स्थिर फोटोला ती छान चालते. नाचत्या वरातीला मात्र तिचा फारसा उपयोग नाही, कारण दोन फ्रेमच्या मध्ये माणसं हललेली असतात. सेन्सर एक इंचीच्या पुढे गेला तर त्याला झाकणारी काचही तेवढी वाढणार, आणि काच अजून कुणाला पातळ करता आलेली नाही. म्हणून २५० ग्रॅमच्या आत याहून मोठा सेन्सर लगेच येईल असं आम्हाला वाटत नाही.

चहूबाजूंनी एकदम टिपणारा ३६० अंशांचा ड्रोनही आता २४९ ग्रॅममध्ये आलाय. आधी उडवा, कुठे बघायचं ते घरी ठरवा. लिहिलेलं असतं एट-के, पण ते अख्ख्या गोलाचं. त्यातून एक चौकट कापली की हातात बरंच कमी उरतं. लग्नात मात्र तो धमाल आणेल, कारण नवरा-नवरीच्या एंट्रीला कॅमेरा भलतीकडेच होता, हे रडगाणं संपेल.

विकत घेणार असाल तर

आम्ही ड्रोन विकत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. दुबईच्या भावाला "बॅगेत टाकून आण" सांगू नका, विमानतळावर जप्त होतो. बाजारात नवीन म्हणून मिळतो त्याचं पक्कं बिल मागा. दुकानदार विषय बदलायला लागला तर समजून जा.

बुकिंगच्या वेळी आम्हाला हवं ते

हॉलचं नेमकं ठिकाण मोबाइलवर पाठवा, 'हायवेला लागून' एवढ्यावर भागत नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळामुळे ते लागतं: विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये विनापरवाना ६० मीटरच्या वर जाता येत नाही, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते, त्याच्या आत केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय नाहीच. किल्ल्यावर शूट असेल तर पुरातत्त्व खात्याचं पत्र तुम्ही आणायचं. मुख्य कार्यक्रमाची वेळ सांगा, अंधार पडणार का ते त्यावरून कळतं, आणि चित्र वॉलवर, रीलला की टीव्हीवर, तेही सांगा.

पाऊस आला तर दोन्ही ड्रोन पेटीत राहतात. त्या दिवसाचं ड्रोनचं भाडं आम्ही घेत नाही, जाण्यायेण्याचं पेट्रोल तेवढं द्यावं लागेल.