गिअर न पडणे

हाताने गिअर बदलायच्या मोटारीत क्लच दाबूनही दांडा ठरलेल्या जागी न बसणे, किंवा करकर करत बसणे. दोष इंजिनाची फिरकी तोडणाऱ्या क्लचमध्ये असतो, नाहीतर दांड्याच्या जोडणीत व गिअरबॉक्समध्ये. आधी या दोहोंची फारकत केली नाही, तर गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरवला जातो.

इतिहास : दातेरी चक्रे सरकवून गिअर बदलण्याची रचना फ्रान्समधील पानार-लव्हासॉर मोटारींतून, साधारणपणे १८९१ ते १८९५ च्या दरम्यान, रूढ झाल्याचे मानतात. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात जुळवण्यासाठी तीत डबल क्लच मारावा लागे, म्हणजे मधे न्यूट्रलला येऊन क्लच दुसऱ्यांदा दाबावा लागे. हे काम घर्षणाने आपोआप करणारा सिंक्रोमेश प्रथम कॅडिलॅक गाडीत आला. त्याचे वर्ष कुठे १९२८, कुठे १९२९ असे आढळते. १९२९ चे मॉडेल १९२८ मध्येच विक्रीस आल्याने हा घोळ झाला असावा. १९२८ अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या गिअरला सिंक्रो (सिंक्रोमेश) देण्याची पद्धत मात्र बरीच उशिरा पडली. जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या पहिल्या गिअरला तो नव्हता. चालत्या गाडीत तो गिअर अडणे हा तिच्यापुरता दोष नव्हे.

निदान : गाडी सपाट जागी हँडब्रेक ओढून उभी करावी. इंजिन बंद ठेवून, क्लच तळापर्यंत दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर सगळे पडतात आणि चालू इंजिनावर एकही पडत नाही, तर क्लच सुटत नाही असे समजावे. दोन्ही वेळी अडत असेल तर जोडणी किंवा गिअरबॉक्स तपासावा. एकच गिअर अडत असेल तर संशय त्याच्या सिंक्रो रिंगवर (घर्षणाने गती जुळवणारे कडे) किंवा गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर. बंद इंजिनावर दातासमोर दात आला तरी गिअर अडतो; गाडी वीतभर ढकलून पुन्हा पाहावे. सिंक्रो नसलेला रिव्हर्स क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबल्यावरही करकरत असेल, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच आहे.

क्लच : झिजलेली क्लच प्लेट घसरते, पण गिअर पडू देते. तरीही गिअर पडत नाही म्हटले की सरसकट प्लेट बदलली जाते. क्लच वायरच्या लहान गाड्यांत पेडलचा मोकळा खेळ (दाब लागण्याआधीची चाल) साधारण १५ ते २५ मिमी असतो (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा). वायर ताणल्याने तो वाढला की क्लच पुरता सुटत नाही. नट फिरवून खेळ जुळवता येतो. वायरचे धागे तुटू लागले असतील तर ती बदलावीच. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर गिअर पडला, तर ओळीत हवा आहे किंवा पेडलकडच्या मास्टर वा क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. टाकीतली पातळी, पेडलमागची ओल आणि स्लेव्हचे रबर पाहावे. गळती काढून मगच ओळीतील हवा काढावी. तेल डॉट ३ की डॉट ४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलणे इष्ट.

क्वचित दोष क्लचबाहेर, क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये असतो. ते झिजले की क्लच दाबताच क्रँक पुढे सरकतो आणि पेडलची चाल वाया जाते. क्रँकचा लांबीतला खेळ सामान्यतः ०.१ ते ०.३ मिमी असतो. पेडल दाबताना क्रँकच्या टोकाची पुली डोळ्यांना दिसेल इतकी हलत असेल, तर नवा क्लच बसवूनही उपयोग नाही.

बेळगाव सीमाभागात पावसाचा वेगळा विचार करावा लागतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) चिकटते. मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना इंजिन तापवून बंद करावे, दुसरा गिअर टाकून क्लच दाबलेला ठेवावा आणि स्टार्टर मारावा. गाडी झटक्याने पुढे जाते. क्लच न सोडता अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक आळीपाळीने दिल्यास प्लेट बहुधा सुटते. दोन-तीनदा करूनही सुटली नाही, तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. २०१९ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ब्रीदरवाटे (हवा जाण्याच्या छिद्रावाटे) पाणी शिरते. तेल दुधाळ दिसले तर गाडी न चालवता ते काढून टाकावे. चोर्ला, आंबोलीसारख्या घाटांत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरल्यास प्लेट तापून वाकते, आणि वाकलेली प्लेट सुटत नाही.

जोडणी व गिअरबॉक्स : दांडा ढिला, सैरभैर हलत असेल तर सांध्यातले बुश किंवा गिअर केबलचे टोक निसटलेले असते, बॉनेट उघडून दुसऱ्या माणसाला दांडा हलवायला सांगितले की कळते. स्टेअरिंगवरचा दांडा असलेल्या जुन्या गाड्यांत दोन गिअर एकदम गुंततात. तळाशी असलेले दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणावेत.

सिंक्रो रिंग आणि गिअर यांतली फट नव्या स्थितीत अनेक लहान गाड्यांत सुमारे १ मिमी असते, ती ०.५ मिमीवर आली की रिंग बदलतात. तेलाबाबत मतभेद आहेत. गिअर तेलाच्या जीएल-४ व जीएल-५ या प्रतींपैकी जीएल-५ मधील गंधक-फॉस्फरसची रसायने पितळी रिंग खातात असे जुने मत. आजची तेले तितकी जाचक नाहीत असे नवे. तरी जीएल-५ तेले अधिक निसरडी असल्याने रिंगची पकड कमी होते, तेव्हा पुस्तिकेत जीएल-४ असेल तर तेच भरणे बरे. भरण्याच्या बोल्टच्या खालच्या कडेपर्यंत पातळी हवी.

स्वयंचलित गाड्या : ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलत नाही, म्हणून मागचे ब्रेकलाइट पेटतात का ते प्रथम पाहावे, न पेटल्यास फ्यूज वा ब्रेक स्विच. एएमटी प्रकारात (हाताच्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्राने हलवणारा) कमजोर बॅटरीनेही गिअर अडतो. स्कॅनरने फॉल्ट कोड वाचल्याशिवाय अ‍ॅक्च्युएटर (ते हलवणारे यंत्र) खोलू नये.