रनिंग कमी असलेली जुनी सेडान आणि तिचं खरं वय

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, रनिंग किती झालंय? विकणारा पण तेच पुढे करतो, डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड, फक्त चाळीस हजार चाललीय. माझं मत विचाराल तर 2006-07 ची होंडा सिटी इतकी कमी चालली असेल तर ती जास्त बारकाईने बघावी, कारण इंजिनचं धातूकाम चालून झिजतं पण रबर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळं गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असली तरी खराब होतच राहतं.

याच सिटीचं बघू. 2003 साली आलेल्या त्या पिढीत 1497 सीसीचं आय-डीएसआय इंजिन होतं, ताकद फक्त 77 बीएचपीच्या आसपास, म्हणजे इंजिनवर ताण कमी. क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखायला रबरी टायमिंग बेल्टच्या जागी धातूची चेन. बेअरिंग आणि क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, यांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो टिकून असेल तोवर धातूला धातू जवळपास लागतच नाही, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललेली ही इंजिनं दोन लाख किलोमीटर आरामात ओलांडतात. एक गोष्ट मात्र गॅरेजमध्ये मुद्दाम विचारा, प्रत्येक सिलेंडरला दोन असे या इंजिनला आठ स्पार्क प्लग आहेत आणि मागचे चार हाताला पटकन लागत नाहीत, घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये तेच राहून जातात.

आता रबर. हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी जास्त जास्त बांधत जातो, लवचिकपणा जातो, मग भेगा पडतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, म्हणून बॉनेटखालचे होज पाइप आणि इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबराचे ठोकळे, आधी कडक होतात. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरलं की लोकांना वाटतं इंजिन गेलं, पुष्कळदा गेलेलं असतं ते माउंटिंग.

पण जुन्या गाडीला सगळ्यात महागात जातं ते कूलंट. त्यात पाण्याबरोबर ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं असतात, ती काही वर्षांत संपतात. त्यात वर कुणीतरी बोअरचं पाणी टॉप-अप करतं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते जड, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि उष्णता बाहेर जायला अडचण होते. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, साधारण एक वातावरण इतका जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की हा दाब गेला, मग मे महिन्यात एसी लावून खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रखडलात की पाणी आतल्या आत उकळायला लागतं, वाफ पाण्याइतकी उष्णता उचलू शकत नाही, इंजिनचं वरचं ॲल्युमिनियमचं झाकण म्हणजे हेड एका जागी जास्त तापून वाकतं आणि त्याच्या खालचं सील, गॅस्केट, फुटतं. मेकॅनिक ज्याला हेड गेलं म्हणतो ते हे, आणि सुरुवात काहीशे रुपयांच्या झाकणापासून झालेली असू शकते!

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, ओलावा मुरल्यावर तो 140 पर्यंत येऊ शकतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला, गाडी चालो न चालो, इथे कंजूषी नको.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रश्न सगळेच विचारतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटणारच. शिवाय या गाडीच्या काळात असं पेट्रोल कुणी गृहीत धरलं नव्हतं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि सील फुगलेत का, वास येतो का, हे सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

रत्नागिरी, मालवणकडची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालून पत्रा बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. खाऱ्या हवेतल्या मिठामुळे पाणी विजेचं चांगलं वाहक होतं आणि गंज जोरात पसरतो, दाराच्या खालची पाणी जायची भोकं बुजली असतील तर तो आतून सुरू होतो आणि रंगावर फुगा येईपर्यंत कळतही नाही. 15 वर्षांनंतर रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं, त्या खर्चाआधी हा पत्रा बघा.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि रेडिएटरचं झाकण स्वतः उघडून बघा, आत तांबूस गाळ दिसला तर मीटरवर चाळीस हजार असले तरी विकत घेऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा, नक्षी अख्खी असली तरी टायर इतका जुना असेल तर चार नव्या टायरचे पैसे भावातून कमी करूनच बोला.