कोल्हापूरची बोर्डिंगे

विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर संस्थानात उभी राहिलेली, बहुतांशी जातवार चालणारी विद्यार्थी वसतिगृहे. शाळा-कॉलेज काढणे तुलनेने सोपे होते. खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री कुठे झोपायचे आणि कुणाच्या पंगतीत बसायचे, हा खरा पेच होता. या वसतिगृहांचा कारभार त्याच पेचातून घडत गेला.

राजाराम कॉलेजमुळे कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्रातले शिक्षणाचे मोठे ठाणे झाले होते. बाहेरगावच्या गरीब ब्राह्मण मुलाला माधुकरी मागता येई, किंवा वार लावून रोज एकेका घरी जेवता येई. मराठा, जैन, मुसलमान किंवा महार मुलाला अशी सोय नव्हती. शहरात नातेवाईक नसेल, तर शिक्षण सोडून परत जावे लागे.

1896 मध्ये महाराजांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. नियमाने मज्जाव कोणालाच नव्हता. पण व्यवस्था ब्राह्मण मंडळींच्या हाती राहिली, इतर जातींची मुले टिकली नाहीत आणि ते वसतिगृह व्यवहारात एकाच जातीचे होऊन बसले. प्रवेश खुला असूनही कारभार खुला नसला की काय होते, त्याचा हा चांगला नमुना आहे.

यानंतर महाराजांनी धोरण बदलले. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघाले. त्याचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये निघालेल्या बोर्डिंगला मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीवरून मिस क्लार्क हे नाव मिळाले. पुढे लिंगायत, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची बोर्डिंगे निघाली. यांतली काही आजही दसरा चौकाच्या परिसरात आहेत.

साधारण रीत अशी: दरबाराने जागा, इमारत किंवा वार्षिक अनुदान द्यायचे, वर्गणी, प्रवेश, मुदपाकखाना आणि सुपरिंटेंडेंटची नेमणूक त्या-त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी पाहायची. याने जातिभेद पक्का होईल, ही टीका तेव्हाही झाली आणि ती पोकळ नव्हती. मात्र नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखणाऱ्या 1902 च्या हुकमाला शिकलेले उमेदवार हवे होते. प्रत्येक समाजाला आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायला लावण्याचा याहून जवळचा रस्ता त्या काळी दिसत नव्हता.

या व्यवस्थेची मर्यादा जैन बोर्डिंगमध्ये उघडी पडली. तिथे अण्णासाहेब लठ्ठे सुपरिंटेंडेंट होते. हेच पुढे संस्थानचे दिवाण आणि महाराजांचे चरित्रकार झाले. शिस्त कडक, जेवणाआधी आंघोळ आणि सोवळे सक्तीचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून आलेल्या भाऊराव पाटील या विद्यार्थ्याने शुद्धीसाठी आंघोळ करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात.

या भाऊरावांनीच, म्हणजे पुढच्या कर्मवीरांनी, 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. 1896 च्या प्रयोगात जे जमले नव्हते ते इथे जमले, कारण स्वयंपाकघर कोणा एका जातीच्या ताब्यात राहिले नाही. दळण, पाणी, भाकरी, झाडलोट ही कामे मुले पाळीपाळीने करत आणि एका पंगतीला जेवत. पैशाची ओढाताण कायमचीच. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही ‘कमवा आणि शिका’ पद्धत 1947 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. कोल्हापुरात 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानेही ती स्वीकारली.