कातडं पहिल्या काही तासांतच वाचतं

बकरी ईदच्या दुपारनंतर बीडमधल्या एका कातड्यांच्या गोदामात गेलो होतो. जूनचा उकाडा. तिथले चाचा आलेल्या प्रत्येक कातड्याचे पोटाकडचे केस चिमटीत धरून ओढत. केस हलले नाहीत तर मीठ. हातात आले की "सुबह का माल है, गया" म्हणत कातडं बाजूला.

संग्रहालयात काचेआड उभा असलेला वाघसुद्धा याच परीक्षेतून गेलेला असतो. आपण ‘पेंढा भरलेला’ म्हणतो, पण आत हल्ली पेंढा नसतो, फोमचा किंवा फायबरचा साचा असतो. खरं असतं ते कातडं, आणि त्याचं भवितव्य ठरतं रानात, जीव गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत.

जीव गेला तरी अंगातली ऊब लगेच जात नाही. त्या उबेत जिवाणूंचं फावतं. काही जातींची संख्या पोषक स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे एकाचे सहा तासांत अडीच लाखांवर. ते केसांच्या मुळाशी त्वचा सैल करतात आणि केस पुंजक्यांनी सुटतात. सुटलेला केस कुठलाही कारागीर परत बसवू शकत नाही.

म्हणून कातडं लवकर सोडवायचं, मांस-चरबी खरवडायची आणि बारीक मीठ चोळायचं. मीठ पाणी ओढून घेतं आणि ओल गेली की जिवाणू थंडावतात. सुटलेलं पाणी निथळू द्यायचं, मग पुन्हा मीठ. खरी कसोटी कानाची. कानाची त्वचा आतल्या कूर्चेपासून सोडवून उलटी केली नाही, तर मीठ तिथं पोचतच नाही. ओठ आणि पापण्यांचंही तेच. आणि कातडं उन्हात टाकणं सगळ्यात वाईट: वरून पापुद्रा कडक होतो, आतली ओल कुजत राहते.

मीठ फक्त वेळ मिळवून देतं. पुढे कातडं कमवावं लागतं, म्हणजे ते कुजणार नाही असं टिकाऊ करावं लागतं. आपल्या बांधावरच्या पिवळ्या फुलांच्या तरवडाची साल, बाभळीची साल यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना धरून ठेवतं. ढोर समाजातल्या कारागिरांनी हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपलं. त्यांना शास्त्रज्ञ म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची हौस संपवली, ते फार चांगलं झालं. आता मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या टॅक्सिडर्मी (मृत प्राणी असे जतन करण्याच्या) केंद्रात आपोआप मेलेल्या प्राण्यांवर हे काम होतं. तुमच्या शेतात काळवीट किंवा मोर मरून पडलेला दिसला, तर तो सरकारी मालमत्ता असतो. हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि उन्हाळा असेल तर दुपार व्हायच्या आत.