भातशेतीतील पाणी व खत व्यवस्थापन

भाताच्या खाचरात पाणी केव्हा व किती ठेवायचे आणि खत कोणते, कधी व कुठे द्यायचे, याचे नियोजन. ही दोन कामे बहुधा वेगवेगळी शिकवली जातात. प्रत्यक्षात दिलेल्या खताचे काय होणार, हे खाचरातले पाणीच ठरवते.

भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असल्याने पीक साचलेल्या पाण्यात तग धरते. पाणी कोंडण्याचा मोठा लाभ म्हणजे तण दबते. चिखलणीमुळे, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती कालवल्याने, जमिनीची छिद्रे बुजून पाझर कमी होतो. पाण्याखालच्या मातीतला प्राणवायू लवकरच संपतो. वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा हवेशीर राहतो. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) पिकाला सहज मिळते, जस्त मात्र अडकून पडते.

खरी गळती नत्राची (नायट्रोजनची). वरच्या थरात अमोनियमच्या रूपातल्या नत्राचे नायट्रेट होते, ते खाली उतरले की जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. म्हणून लावणीच्या वेळी नायट्रेटयुक्त खत देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. साचलेल्या पाण्यात युरिया फोकला तर आणखी वाईट: भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, पाण्याचा सामू (pH) 9 च्या पुढे जातो आणि अमोनिया हवेत उडतो. फोकून दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या वाट्याला बहुधा 30 ते 40 टक्केच येते. त्यामुळे आधी पाणी काढावे, चिखलावर युरिया द्यावा, मग पुन्हा पाणी घ्यावे. युरियाच्या गोळ्या चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध 7 ते 10 सेंमी खोल खोचणे याहून सरस. पण कमरेत वाकून करायचे हे काम मजूर टाळतात, आणि पाझर जास्त असलेल्या रेताड जमिनीत त्याचा उपयोगही नाही.

नत्र लावणी, फुटवे व लोंबी धरण्याचा काळ असे विभागून देतात. हात सैल सोडला तर पीक लोळते, करपा व तुडतुडे वाढतात. हप्त्याची वेळ पानांच्या रंगपट्टीने, म्हणजे हिरव्या रंगाच्या चढत्या छटा असलेल्या पट्टीने, ठरवता येते: सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान न तोडता, स्वतःच्या सावलीत धरून पट्टीशी ताडायचे. तपासलेल्या दहांपैकी सहा पाने ठरवलेल्या छटेहून फिकी असली, तर हप्ता द्यायचा.

पाणी सतत भरलेले ठेवण्याची गरज नसते. आलटून-पालटून ओलित करण्याच्या पद्धतीत खाचरात छिद्रे पाडलेली नळी रोवतात. तीत पाण्याची पातळी जमिनीखाली 15 सेंमी उतरली की पुन्हा सुमारे 5 सेंमी पाणी भरतात. फुलोऱ्याच्या आगेमागे एकेक आठवडा मात्र खाचरातले पाणी आटू द्यायचे नाही. पाणी वाचते, मिथेन घटतो, पण नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. या पद्धतीत युरिया पाणी सोडण्याच्या अगदी आधी, सुकलेल्या मातीवर देतात, म्हणजे पाण्याबरोबर तो आत जिरतो. काढणीआधी साधारण 10 ते 15 दिवस पाणी तोडतात. भारी जमिनीत थोडे आणखी आधी.